वाचक विचारतात : तूट, पास आणि पावती

मागच्या अंकात या सदरात मी सहज एक वाक्य लिहून गेले, की पीएमपीची, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेची, तूट ही तूट नाहीच, ती खरेदी आहे. त्यावर इतकी पत्रं आली की ती ठेवायची पिशवी बदलावी लागली. काहींनी माझं गणित काढलंय, काहींनी वय. नव्या वाचकांसाठी सांगते : मी एकतीस वर्षं स्थानिक निधी लेखापरीक्षेत काढली. गावोगावच्या नगरपालिका आणि पंचायत समित्यांच्या दप्तरांवर हिरव्या पेन्सिलीच्या खुणा केल्या, अर्धसमास पत्रं, म्हणजे खुलासा मागणारी लेखापरीक्षकाची पत्रं, लिहिली, आणि निवृत्तीनंतर धनकवडीहून डेक्कनला बसने जाऊ लागले. म्हणजे हिशेबाची बाजू नोकरीत कळली आणि दांड्याला लटकण्याची बाजू नंतर. सहा पत्रं निवडली आहेत. बाकीच्यांनी रागावू नये, रागवायचंच असेल तर पत्र जरा सुवाच्य अक्षरात लिहावं.

मी कोथरूडला राहतो. माझ्याकडे कार आहे, मुलाकडे दुचाकी. गेल्या पंधरा वर्षांत मी पीएमपीत पाऊल ठेवलेले नाही. तरी माझ्या मालमत्ता करातून दरवर्षी या कंपनीची तूट भरली जाते. तोट्यातले दुकान कोणीही बंद करेल. हे का चालू ठेवायचे? — एक करदाता

करदाते महाशय, तुमचा राग मला आवडला. आपले पैसे तिकडे जातात हे निदान तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना वाटतं की बस 'सरकार' चालवतं, आणि सरकार म्हणजे मुंबईत कुठेतरी बसलेलं कोणीतरी.

आधी मालक कोण ते बघू. २००७ साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड ही कंपनी काढली. रीतसर कंपनी, संचालक मंडळासकट. तिच्या मालकिणी या दोन महापालिका. संचलनातली तूट त्या साठ-चाळीस वाटून घेतात, साठ आपली आणि चाळीस त्यांची. तिकीट, पास, जाहिराती, जागांचं भाडं यांतून पैसा येतो. पगार, सीएनजी, वीज, सुटे भाग आणि ठेकेदारांची बिलं यांत तो जातो. रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी गाड्या ठेकेदाराच्या आहेत. गाडी आणि चालक त्याचा, वाहक पीएमपीचा, आणि त्याला पैसे मिळतात ते किलोमीटरवर. गाडीत पाच माणसं होती की पासष्ट, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आता एक काल्पनिक गणित करू, आकडा फक्त समजण्यापुरता. एक किलोमीटर बस चालवायला शंभर रुपये लागतात आणि तिकिटातून पन्नास येतात. उरलेले पन्नास पालिका देते. खातेवहीत याला तूट म्हणतात. पण पालिका रस्त्यावरच्या दिव्यांचं वीजबिल भरते तेव्हा त्याला दिव्यांची तूट म्हणतो का आपण? झाडणकामाची तूट? तिथे पैसे देऊन काम विकत घेतलं असं म्हणतो. बसच्या बाबतीतही पालिकेने पन्नास रुपयांत शहरासाठी एक किलोमीटर बस विकत घेतली. फरक एवढाच, की इथे प्रवाशाने अर्धे पैसे आधीच टाकलेले असतात, आणि नेमकं त्याच्यामुळेच राहिलेला अर्धा भाग डोळ्यात खुपतो.

सिंहगड रस्त्याने कधी जात असाल. राजाराम पुलाच्या चौकातला उड्डाणपूल ऑगस्ट २०२४ मध्ये खुला झाला, पुढचे नंतर झाले. त्या रस्त्यावरच्या पुलांना शंभर कोटींच्या वर लागले. पुलावर ना टोल ना तिकीट. उत्पन्नाचा रकाना कोरा. तो पूल तोट्यात चाललाय म्हणून बंद करा, असं पत्र मला अजून तरी आलेलं नाही. आणि तुमची कार रात्री कुठे उभी असते हे तुम्ही लिहिलं नाहीत. पार्किंगमध्ये असेल तर छानच. गल्लीत असेल तर सार्वजनिक रस्त्याची दहा-बारा चौरस मीटर जागा तिला फुकट मिळते. रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घ्यावेत असं पार्किंग धोरण पालिकेने मार्च २०१८ मध्ये मंजूर केलं होतं. गदारोळ झाला, आणि शहरभर ते कधी उतरलंच नाही. केंद्राचं २००६ चं नागरी वाहतूक धोरण सांगतं की रस्ता वाहनांना नाही, माणसांना वाटून द्या. वाचायला फार सुंदर आहे.

तरीही तुमचं एक म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि माझ्या आतला लेखापरीक्षक तिथे तुमच्या बाजूने उभा राहतो. खरेदी आहे म्हटल्यावर माल मोजून घ्यायला हवा. किराणावाल्याने दोन किलो साखर दिली की घरी काट्यावर ठेवून बघणारी माणसं आपण. इथे काही शे कोटींचा व्यवहार होतो आणि पावती कोणी मागत नाही. 'बस बंद करा' आणि 'बस वाढवा' या दोनच घोषणा ऐकू येतात. मधले प्रश्न कोणी विचारत नाही. वर्षभरात किती किलोमीटर धावायचे ठरले होते, किती धावले? डेपोतून पहिल्या थांब्यापर्यंत गाडी रिकामी जाते, त्याला डेड किलोमीटर म्हणतात, ते किती? रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या किती, फेऱ्या किती रद्द झाल्या, त्यापोटी ठेकेदारांना दंड किती लावला आणि वसूल किती झाला? शेवटच्या दोन आकड्यांत जे अंतर असतं ना, त्यात आमच्या खात्याची अख्खी नोकरी जाते.

हे प्रश्न बसमध्ये न बसणाऱ्याने विचारले तर जास्तच वजन पडेल. तुम्ही विचारा. आणि जमलं तर तुमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या ताई कशाने येतात, तेही विचारा.

माझी आई चार घरची कामे करते. जून २०२५ मध्ये बसचे तिकीट वाढले. आई म्हणते, आम्हाला कोणी विचारले का? खरेच विचारायला पाहिजे होते का? — इयत्ता दहावी, वडगाव बुद्रुक

बाळ, आईला सांग, की तिने विचारलेला प्रश्न भल्याभल्यांनी विचारला नाही.

१ जून २०२५ पासून पाच रुपयांचा पहिला टप्पा गेला आणि कमीत कमी तिकीट दहा रुपये झालं. दिवसाचा पास सत्तरचा झाला, महिन्याचा नऊशेचा पंधराशे. आता वही काढ. आई एका बसने जात असेल आणि त्याच बसने येत असेल, महिन्याला सव्वीस दिवस, तर पूर्वी पाच गुणिले दोन गुणिले सव्वीस म्हणजे दोनशे साठ रुपये जात होते. आता पाचशे वीस. पंधराशेचा पास काढून उपयोग नाही. तो पास परवडायला तिला रोज दहा-दहाची सहा तिकिटं काढावी लागतील. हडपसरहून हिंजवडीला जाणाऱ्या नोकरदाराला पास परवडतो. तुझ्या आईसारखी, जवळच्या जवळ पाच-पाच रुपयांत फिरणारी बाई पास काढत नाही, म्हणून पासच्या हिशेबात ती दिसतच नाही. टक्केवारीने बघितलं तर तिची वाढ पासवाल्यांपेक्षा मोठी, शंभर टक्के.

आता कोणाला विचारतात ते बघ. विजेचे दर वाढवायचे असले की वीज कंपनीचा प्रस्ताव जाहीर होतो, वीज नियामक आयोग हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. तिथे कोणीही साधा ग्राहक उभा राहून बोलू शकतो, आणि पुण्यातली माणसं बोलतातही, आकडे घेऊन. मेट्रोच्या भाड्यासाठी २००२ च्या मेट्रो कायद्यात न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची सोय आहे. बसचं तसं नाही. कंपनीचं संचालक मंडळ ठराव करतं, परिवहन प्राधिकरण मंजुरी देतं, मोटार वाहन कायद्यात भाडं ठरवायचा अधिकार राज्य सरकारकडे आहे, आणि एका सकाळी वाहक सांगतो, 'दहा द्या.' या रांगेत प्रवाशासाठी खुर्ची नाही. म्हणजे कायद्याने विचारायलाच पाहिजे होतं असं नाही. विचारायला हवं होतं का, तर माझ्या मते हवं होतं.

एक फट मात्र आहे. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात म्हटलंय की लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण ठरवताना किंवा निर्णय जाहीर करताना कार्यालयाने संबंधित माहिती आपणहून प्रसिद्ध करावी. कोणी अर्ज करायची वाट बघू नये. तेव्हा मागणी भाडं कमी करा एवढीच ठेवू नका. पुढच्या वेळी भाडेवाढीचा प्रस्ताव, त्यामागचा हिशेब आणि कोणत्या टप्प्यात किती प्रवासी आहेत हा तक्ता महिनाभर आधी लोकांसमोर ठेवा, अशी मागणी करा. आणि ती दोन्ही पालिकांच्या आयुक्तांकडे करा, कारण पैसे तिथून येतात. तुझ्या वयाची जी मुलं पालिकेच्या शाळेत आहेत, त्यांच्या पासाचे पैसे पालिका भरते. २०२१ मध्ये मध्यवस्तीत दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी 'पुण्यदशम' सेवा सुरू केली होती, तिचाही भार प्रवाशावर टाकला नव्हता. कोणाला किती स्वस्तात न्यायचं हे पालिका ठरवते, पेट्रोल पंप नाही.

तुझं अक्षर फार छान आहे. बाकीच्या वाचकांनी नोंद घ्यावी.

आमच्या थांब्यावर शेड नाही. उन्हापावसात ज्येष्ठ मंडळी उभी असतात. आमच्या संघाने तीन वर्षे अर्ज केले. अर्ज नेमका कोणाकडे करायचा हेच समजत नाही. — ज्येष्ठ नागरिक संघ, बिबवेवाडी

संघातल्या सर्व काकांना नमस्कार. तुमच्यासाठी एक दार आहे. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतात. पाच लाखांपर्यंतची कामं : पदपथ, दिवे, बाक, स्वच्छतागृह, बसथांबा अशी. पालिकेच्या एकूण अंदाजपत्रकापुढे ही रक्कम म्हणजे आमटीतली मोहरी. पण मोहरीशिवाय फोडणी होत नाही. मार्चमध्ये अंदाजपत्रक पेपरात छापून आल्यावर अर्ज करून उपयोग नसतो, तो ऑगस्टमध्येच करायचा असतो. तुमचे तीन वर्षांचे अर्ज कोणत्या महिन्यात गेले ते एकदा बघा.

अर्जात 'थांब्यावर शेड मिळावी' एवढंच लिहू नका. थांब्याचं पाटीवरचं नाव लिहा. गाडी कोणीकडे जाताना, स्वारगेटकडे की कात्रजकडे, ते लिहा, कारण एकाच नावाचे थांबे दोन असतात, रस्त्याच्या दोन बाजूंना. पदपथ किती रुंद आहे ते टेपने मोजून लिहा. शेड ठेवल्यावर चालायला जागा उरत नसेल तर काम तिथेच फेटाळलं जातं. दुपारी बाराचा फोटो लावा, सावली कुठे आहे ते दिसेल असा.

आता माझी फजिती ऐका. आमच्या भागातल्या एका थांब्यासाठी आम्ही चौघीजणींनी अर्ज केला होता. काम मंजूर झालं, पैसे पडले, शेड उभी राहिली. स्टीलचे खांब, बसायला गोल नळ्या, वर भलीमोठी नावं. आम्ही पेढे वाटले. पहिल्याच दिवशी आम्ही शेडमध्ये टेकलो, बस आली, आणि आमच्या समोरून सरळ पुढे जाऊन चाळीस पावलांवर थांबली. तिथे जुना लोखंडी खांब होता, थांब्याची पाटी अजून त्याच्यावरच. चालकाची काय चूक? त्याला पाटी दिसते तिथे तो थांबणार. तेव्हापासून रोज एक खेळ सुरू झाला. सावलीत बसायचं, मान वाकडी करून वळणाकडे बघत राहायचं, बसचं नाक दिसलं की उठून पळायचं. ज्यांचे गुडघे चांगले ते सावलीत बसत, ज्यांचे दुखतात ते आधीपासून उन्हात खांबापाशी उभे राहत. शेड ज्यांच्यासाठी मागितली होती, नेमके तेच उन्हात.

पाटी हलवायला सात महिने लागले. कुठल्या कार्यालयाने लावले ते सांगत नाही, कारण प्रत्येकाने थोडे थोडे लावले. शेड बांधणारे एक, पाटी लावणारे दुसरे, आणि गाडी कुठे थांबली तर चौकात कोंडी होत नाही हे सांगणारे तिसरे. आम्ही एकाला पत्र दिलं होतं, बाकी दोघांना प्रतही नाही. तेव्हा काका, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या, पण त्याच दिवशी एकेक प्रत पीएमपीला आणि वाहतूक पोलिसांना द्या आणि तिन्ही प्रतींवर पोच घ्या. तारखेच्या शिक्क्याशिवाय पोच म्हणजे पोच नाही. शिक्का पुसट आला तर पुन्हा मारायला लावा. ते वैतागतील. वैतागू द्या.

फ्लॅट घेताना मुद्रांक शुल्कात एक टक्का मेट्रोचा लागला. माझ्या घराजवळ अजून मेट्रो नाही. हे पैसे कुठे जातात ते विचारता येते का? — एक वाचक, धायरी

येतं. पुण्यात पाच टक्के मूळ मुद्रांक शुल्क, एक टक्का स्थानिक संस्थेचा आणि एक टक्का मेट्रोचा अधिभार, असे सात होतात. खरेदी बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. करोनात हा अधिभार दोन वर्षं थांबवला होता, एप्रिल २०२२ पासून पुन्हा सुरू झाला. साठ लाखांच्या फ्लॅटवर साठ हजार रुपये. बसचं तिकीट दहा रुपये झालं म्हणून शहर पेटतं, आणि या साठ हजारांबद्दल नोंदणी कार्यालयाच्या पायरीवर कोणी चकार शब्द काढत नाही, कारण तो आकडा गृहकर्जात विरघळून जातो.

पैसा राज्याकडे जमा होतो, तेव्हा प्रश्न राज्याच्या कार्यालयांना विचारायचा. पुणे जिल्ह्यातून वर्षाला किती जमला आणि त्यातला किती कोणत्या प्रकल्पाला दिला, हे दोनच आकडे मागा. मेट्रोचा मूळ खर्च ११,४२० कोटींचा धरला होता. केंद्र, राज्य, पालिका आणि युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेसारख्यांची कर्जं मिळून तो उभा राहिला. घराजवळ मेट्रो नसणं हा मात्र तक्रारीचा मुद्दा नाही, धायरीकर. स्थानकापर्यंत नेणारी बस नसणं हा आहे. तेवढं वेगळं पत्र लिहा.

मी माहिती अधिकारात पीएमपीच्या भ्रष्टाचाराची संपूर्ण माहिती मागितली. उत्तर आले : 'मागितलेली माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही.' आता काय करावे? — निवृत्त मुख्याध्यापक, सदाशिव पेठ

सर, तुम्ही पेपर काढताना 'मराठ्यांच्या इतिहासाची संपूर्ण माहिती लिहा' असा प्रश्न कधी घातला होता का?

महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर करायचा असतो. फी दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. कार्यालय फक्त जवळ असलेला कागद द्यायला बांधील आहे. मत, कारणमीमांसा, पश्चात्ताप हे कागदावर नसतं, ते मागू नका. 'फेऱ्या का रद्द होतात?' असं विचारलंत तर उत्तर येणार नाही. 'अमुक डेपोतून अमुक महिन्यात रद्द झालेल्या फेऱ्यांच्या दैनिक नोंदवहीच्या प्रती द्याव्यात' म्हणालात तर येईल, पानाला दोन रुपये. नाही आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील करा. घाबरू नका, अपिलाला वकील लागत नाही.

पण मला विचाराल तर अर्जाआधी एक सोमवार काढा. सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना कागदपत्रं बसून बघता यावीत, असं राज्य सरकारने २०१८ मध्ये काढलेलं परिपत्रक आहे, आणि त्यात महापालिकाही येतात. पाण्याची बाटली, चष्मा आणि वही घेऊन जा. पहिल्यांदा गेलात की एक रुमाल जास्तीचा न्या, दप्तराच्या धुळीने शिंका येतात. फाईल उजवीकडून डावीकडे वाचू लागा, म्हणजे शेवटच्या पानावरून मागे. शेवटी मंजुरी असते, मागे जाताना कोणी काय शेरा मारला ते दिसतं, आणि एखाद्या पानाच्या कडेला बारीक अक्षरात एखाद्या कारकुनाने लिहिलेलं सापडतं, 'दर जास्त वाटतात, खुलासा व्हावा.' त्या कारकुनाला मनोमन नमस्कार करून पानाचा क्रमांक टिपा. आता तुमचा अर्ज दीडशे शब्दांत सहज बसेल. संपूर्ण माहिती मागायची गरजच उरणार नाही.

पुण्यात हे काम नेटाने करणारी माणसं आहेत. सजग नागरिक मंच, 'परिसर' यांसारख्या संस्थांनी बससाठी वर्षानुवर्षं कागद खणले आहेत. एकट्याने कंटाळा आला तर त्यांच्याकडे जा.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे पालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासकच होते. आता निवडणूक झाली. बससाठी नगरसेवकाकडे काय मागावे? — महिला बचत गट, पद्मावती

बसची संख्या मागू नका. 'आमच्या भागात बस वाढवा' हे वाक्य प्रत्येक नगरसेवकाने इतक्यांदा ऐकलंय की ते कानावरून जातं. तुम्ही गटाच्या बायका आहात, हिशेबाची वही तुमच्याकडे आहेच. तिच्यातली पाच पानं बसला द्या. आळीपाळीने एकीने सकाळी आठ ते नऊ थांब्यावर उभं राहायचं. मार्ग क्रमांक, वेळापत्रकातली वेळ, गाडी आली ती वेळ, आणि चढायला जागा होती की नाही, एवढंच लिहायचं. 'आपली पीएमपीएमएल' ॲपवर गाडी कुठे आहे ते दिसतं, तेही शेजारी टिपा.

मी हे करून पाहिलंय, आणि वहीने मलाच खोटं पाडलं. मी ठासून सांगत होते की आमच्याकडे गाड्याच कमी आहेत. नगरसेवकांना द्यायचा अर्जही लिहून ठेवला होता, 'सकाळच्या वेळी जादा बस मिळाव्यात.' पाच दिवसांची पानं शेजारी शेजारी ठेवली तर गाड्या पुरेशा होत्या. फक्त त्या एकट्या येत नव्हत्या, तिघी-चौघी हातात हात घालून येत होत्या, आणि मग बराच वेळ रस्ता ओस. पहिल्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही, तिसरीत वाहक खिडकीशी बसून डबा खातोय. दोन थांबे मागे चालत गेले तेव्हा कारण दिसलं. एका चौकात उजवीकडे वळणाऱ्या दुचाकी आणि रिक्षा डावी बाजू अडवून उभ्या राहत, आणि सिग्नल सुटला तरी बस हलायची नाही. मागची येऊन तिला मिळायची, मग तिची मागची.

तिथे आणखी दहा गाड्या सोडल्या असत्या तर त्याही त्याच चौकात येऊन गप्पा मारत उभ्या राहिल्या असत्या, आणि त्यांच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे आपणच मोजले असते. मी अर्जातली ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'सकाळी आठ ते दहा या चौकात डावी मार्गिका फक्त बससाठी मोकळी ठेवावी.' त्याला एक रुपया लागत नाही, दोन वाहतूक पोलीस लागतात. अर्ज वाचून नगरसेवकबाईंनी पहिला प्रश्न विचारला, 'वही कुठंय?'